नाग, कन्हान, पेंच : नागपूरच्या तहानेचा इतिहास

नागपूर नदीचे नाव मिरवते, पण ते मोठ्या नदीच्या काठी वसलेले नाही. नाशिक गोदावरीवर आहे, पंढरपूर भीमेवर आहे, विदर्भातलेच पवनी वैनगंगेवर आहे. नागपूरच्या वाट्याला आली ती नाग. शहराच्या पश्चिमेला, वाडीजवळच्या लाव्हा गावच्या टेकड्यांत ती उगम पावते. शहरातून सुमारे १७ किलोमीटर पूर्वेकडे वाहते, वाटेत पिवळी नदीला सोबत घेते आणि कन्हानला मिळते. कन्हान पुढे आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे नागपूरच्या रस्त्यावर पडलेला पावसाचा थेंब चार नद्या बदलून समुद्राकडे जातो.

या साखळीतली खरी मोठी नदी वैनगंगा. मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावून ती भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीची धानशेती पोसत जाते. नाग, कन्हान आणि पेंच ही सगळी तिचीच लेकरे. नागपूरचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास या पाणलोटाच्या अंगाने वाचला, तर एक क्रम स्पष्ट दिसतो. शहर वाढले की जवळचे पाणी अपुरे पडले. मग शहराने आणखी दूरच्या नदीकडे हात पसरला. आणि दूरचे पाणी नळाला येताच जवळच्या नदीची काळजी सुटली. हे असे का झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घेण्यासाठी सुरुवातीपासून सुरुवात करायला हवी.

दगड बदलतो तिथले गाव

नागपूर ज्या जागी वसले, तिथे जमिनीचा पोत बदलतो. दख्खनचा काळा बसाल्ट पश्चिमेकडून येऊन इथेच संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. पूर्वेकडे जुने, स्फटिकमय खडक सुरू होतात. पश्चिमेला काळी माती आणि कापूस, पूर्वेला भंडारा-गोंदियाचा तलावांचा आणि धानाचा मुलूख. वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नाग आणि पिवळी या टेकड्यांतून निघणाऱ्या लहान नद्या. पावसाळ्यात दोन्ही भरून वाहायच्या आणि उन्हाळ्यात त्यांची धार क्षीण व्हायची. अशा मुलखात वर्षभर पाणी हवे असेल तर ते अडवावेच लागते. म्हणून इथला माणूस बांध घालायला शिकला.

पूर्व विदर्भात ही विद्या फार जुनी आहे. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क मिळत. कोहळी समाजाने या विद्येत नाव कमावले. नवेगाव बांधसारखे विस्तीर्ण तलाव त्यांच्याच हातचे. उंचावर तलाव, त्याखाली पाटाने भिजणारे धानाचे बांध, आणि शेजारी लहान तळी, म्हणजे बोड्या, अशी ती रचना होती. इंग्रजी अमदानीत हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात गेले आणि मालगुजारी रद्द झाल्यावर सरकारकडे आले. आज लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तलावात ढिवर मासे धरत, शिंगाडे लावत. उन्हाळ्यात वैनगंगा आणि कन्हानची रेती उघडी पडली की तिच्यावर डांगरवाड्या, म्हणजे खरबूज-टरबुजांचे मळे, करत. नदी आणि तलाव हे इथल्या गावांसाठी पिण्याचे पाणी होते, धान होते, मासळी होती आणि उन्हाळ्याचे चार पैसेही होते.

वैनगंगेच्या काठी वस्ती किती जुनी आहे, हे पवनीने दाखवून दिले. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन केले, आणि बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीवर तटबंदीचे नगर होते, व्यापार होता, विहारांना दान देणारे लोक होते. नागपूर त्या मानाने कालचे पोर.

देवगडहून खाली

नागपूरची स्थापना बख्त बुलंद शाहने केली. तो देवगडचा गोंड राजा. औरंगजेबाच्या दरबारात त्याने इस्लाम स्वीकारला आणि हे नाव घेतले. देवगडचा किल्ला छिंदवाड्याच्या डोंगराळ मुलखात आहे, आणि कन्हान व पेंच या दोन्ही नद्या त्याच सातपुड्याच्या भागातून खाली उतरतात. अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १७०२ च्या सुमारास, बख्त बुलंदने मैदानातली बारा खेडी एकत्र करून नवे शहर उभारायला घेतले. हीच ती 'राजापूर बारसा'. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सने १८२७ च्या आपल्या अहवालात या राजाबद्दल आदराने लिहिले आहे : त्याने हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे हाताशी धरली, दूरदूरचे कष्टाळू लोक गोंडवनात येऊन वसले, शेती आणि व्यापार वाढला.

डोंगरातला किल्ला राजाला सुरक्षित ठेवतो, पण विणकर, व्यापारी आणि शेतकरी पोसायला मैदान लागते आणि पाणी लागते. बख्त बुलंदचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी नागपूरला आणली, शहराला तट बांधला आणि नाग नदीच्या खोऱ्यातले पाणी अडवून जुम्मा तलाव केला. पुढे त्याला शुक्रवारी तलाव म्हणू लागले आणि आज तो गांधीसागर आहे. तटाच्या जुम्मा दरवाजालाही आता गांधी गेट म्हणतात. शहराच्या वाढीचे पहिले सूत्र त्या तलावात दिसते. नाग लहान होती, पण अडवली की पुरत होती.

भोसल्यांचे तलाव आणि बागा

चांद सुलतानच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा पेटला. त्याच्या विधवा राणीने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. मदतीला आलेले रघुजी १७४३ पर्यंत नागपूरचे खरे सत्ताधीश झाले. गोंड राजाचे नाव आणि मान मात्र त्यांनी राखला. पुढच्या काळात भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओरिसापर्यंत गेल्या आणि नागपूर एका मोठ्या राज्याची राजधानी झाले. महाल भागात वाडे उभे राहिले. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी अशा पेठा वसल्या. कोष्टी विणकरांचे माग चालू लागले.

राज्य वाढले तसे पाणीही वाढवावे लागले. तेलंगखेडी, सोनेगाव, सक्करदरा इथे भोसल्यांनी तलाव आणि बागा केल्या. तुळशीबाग आणि महाराजबागही त्याच परंपरेतल्या. पश्चिमेला अंबाझरीवर बांध पडला. नाग नदीचे पाणी शहरात शिरण्याआधीच तिथे थांबू लागले. शुक्रवारीत, नदीपासून जवळच, भोसले राजांच्या समाध्या झाल्या. या काळात नाग ही शहराची मागची बाजू नव्हती. मंदिरे, समाध्या, बागा आणि पेठा तिच्या आसपास होत्या. अंघोळ, धुणे, गुरांचे पाणी तिच्यावर चालत होते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. २६ आणि २७ तारखेला आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने टेकडीवरच्या इंग्रजांवर हल्ला केला आणि तो फसला. १६ डिसेंबरला जनरल डव्हटनच्या सैन्याने नागपूरकरांचा निर्णायक पराभव केला. लढाईच्या वर्णनांत टेकडी, तिच्यामागचे शहर आणि मधला जुम्मा तलाव, हाच भूगोल येतो. राज्याचे भवितव्य ज्या जमिनीवर ठरले, ती जमीन या नदीने आणि तलावाने आखलेली होती.

नळ आणि गिरण्या

तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर, १८५४ मध्ये, गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूर खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. १८६४ मध्ये नगरपालिका आली, १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली. राजधानी, छावणी, कचेऱ्या, स्टेशन यांनी शहराची तहान बदलली. विहिरी आणि जवळचे तलाव यांवर भागेना. तेव्हा १८७० च्या आसपास अंबाझरीचा जुना बांध वाढवून तिथून नळाने पाणी आणण्याची योजना झाली. पुढे १८९० च्या सुमारास ती आणखी विस्तारली. नागपूरच्या इतिहासात हा मोठा टप्पा आहे. त्याआधी लोक पाण्यापाशी जात होते. आता पाणी लोकांपाशी येऊ लागले. जे पाणी नळातून येते, ते कोणत्या नदीचे हे विसरणे सोपे असते. विसरण्याची सुरुवात तिथे झाली.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसाचा मुलूख जवळ, रेल्वे जवळ आणि जुम्मा तलावही जवळ, हे पाहून त्यांनी जागा निवडली. ती दलदलीची होती, भराव घालून ती पक्की करावी लागली. टाटा सोने मातीत घालत आहेत, असे म्हणून एका सावकाराने त्या वेळी पैसे द्यायला नकार दिला. आणि नंतर त्याच माणसाने कबूल केले की टाटांनी माती घालून सोने काढले. ही आठवण टाटांच्या चरित्रांत सांगितली जाते. गिरणीने हजारोंना काम दिले. आसपासच्या जिल्ह्यांतून माणसे आली, वस्त्या वाढल्या आणि सांडपाणीही वाढले. नळाची योजना आली तशी गटारांची आली नाही. उतार नदीकडे होता, म्हणून घाण नदीकडे गेली.

गोरेवाड्याहून कन्हानकडे

१९०१ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या वर होती. त्यानंतर प्लेगने शहराला झोडपले आणि १९११ मध्ये ती लाखाच्या जवळ उतरली. साथीच्या त्या वर्षांत स्वच्छ पाण्याचा प्रश्न सरकारी कागदावरून लोकांच्या घरात आला. १९११-१२ मध्ये वायव्येला पिवळी नदीच्या उगमाकडे गोरेवाड्याचे धरण झाले. नाग आधीच अडवली होती, आता पिवळीही अडवली गेली. शहराच्या हद्दीतले दोन्ही प्रवाह वापरून झाले.

पुढचे पाणी हद्दीबाहेरूनच आणावे लागणार होते, आणि ते कन्हानकडून आले. कामठीजवळ पेंच आणि कोलार या दोन नद्या कन्हानला मिळतात. १८२१ मध्ये इंग्रजांनी आपली छावणी तिथेच वसवली होती. या संगमाच्या परिसरात कन्हान रुंद होते आणि तिच्या रेतीत खोलवर पाणी असते. स्वातंत्र्याआधीच्या वर्षांत तिथे विहिरी आणि पंपघर उभे राहिले व कन्हानचे पाणी नागपूरच्या नळांत आले. पहिल्यांदाच शहर दुसऱ्या नदीचे पाणी पिऊ लागले. ते वापरून झाल्यावर मात्र नागेतच जाऊ लागले. नागेच्या पात्रात आता तिच्या स्वतःच्या पाण्यापेक्षा शहराने सोडलेले पाणी जास्त होऊ लागले.

नदीची अवस्था बिघडत असताना तिच्या नावाला मात्र एक नवा अर्थ मिळाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूर का निवडले ते सांगितले. प्राचीन काळी नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला, त्या नागांची वस्ती या भागात होती, आणि शहरातून वाहणारी नाग नदी त्यांच्या नावाची खूण आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. दरवर्षी दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो माणसांसाठी ही नदी आपल्या पूर्वजांच्या इतिहासाचा दाखला आहे. तिचे पात्र गटार झाले, याचे दुःख म्हणून केवळ पर्यावरणाचे राहत नाही.

पेंच

१९५१ मध्ये शहर साडेचार लाखांच्या घरात होते. २०११ मध्ये ते चोवीस लाखांवर गेले. या वाढीचे पाणी पेंच नदीने दिले. १९६४ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात पेंचच्या पाण्याबाबत करार झाला. त्यातून राज्यांच्या सीमेवर तोतलाडोहचे धरण आणि १६० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले. खाली नवेगाव खैरीला दुसरे धरण झाले. तिथून निघालेले कालवे पारशिवनी, रामटेक, कामठी, मौदा आणि पुढे भंडारा जिल्ह्यातल्या धानाला पाणी देतात. प्रकल्पाचे सिंचनक्षेत्र एक लाख हेक्टरच्या आसपास धरलेले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या पाण्याचा पहिला टप्पा नागपूरच्या नळांपर्यंत पोचला, आणि पुढे एकेक टप्पा वाढत गेला. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांनाही पेंचचेच पाणी. शहराचे पिणे, शेतीचे ओलीत आणि राज्याची वीज, असे तिघे एका नदीवर अवलंबून राहिले.

धरणाच्या वरच्या बाजूला काय झाले, ते एका न्यायालयीन निकालातून कळते. तोतलाडोहच्या जलाशयात आदिवासींची गावे गेली. आसपासचे जंगल राष्ट्रीय उद्यान होत होते. मध्य प्रदेश सरकारने विस्थापित आदिवासींच्या ३०५ कुटुंबांना जलाशयात मासेमारीचे परवाने दिले आणि त्याविरुद्ध वन्यजीव रक्षणासाठी काम करणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, पण कडक अटी घातल्या. जमीन पाण्यात गेलेल्या माणसाने त्याच पाण्यावर पोट भरायचे की नाही, हे ठरवायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले. नागपूरच्या नळाच्या दुसऱ्या टोकाला ही माणसे आहेत.

पेंचचे पाणी आले आणि नागपूरला पाण्याची चिंता उरली नाही. शहराने चोवीस तास पाण्याची योजना हाती घेतली आणि २०१२ पासून पाणीपुरवठ्याचे काम खासगी कंपनीकडे सोपवले. देशभरात त्याची चर्चा झाली. त्याच वर्षांत नाग आणि पिवळी काळ्या झाल्या. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. जास्त पाणी आले म्हणजे जास्त सांडपाणी झाले, आणि ते वाहून न्यायला तीच जुनी नदी होती.

खालच्या काठावर

नागेचे पाणी शहराची हद्द ओलांडते तेव्हा नागपूरचा प्रश्न मिटतो आणि दुसऱ्यांचा सुरू होतो. नदी पूर्वेकडे जात कन्हानला मिळते, आणि कन्हान कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. आंभोरा हे पंचनद्यांच्या संगमाचे क्षेत्र. चैतन्येश्वराचे मंदिर तिथल्या टेकडीवर आहे. मराठीतल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी 'विवेकसिंधु' मुकुंदराजांनी इथेच लिहिला, अशी विदर्भाची परंपरा आहे.

या संगमाच्या खाली गोसेखुर्दचे धरण आहे. १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपयांच्या अंदाजाने प्रकल्पाला मान्यता मिळाली. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी पायाभरणी केली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी देण्याचे स्वप्न होते. काम वर्षानुवर्षे रखडले, खर्च अनेक पटींनी वाढला आणि पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला. ज्या गावांनी जमिनी दिल्या, त्यांनी पुनर्वसनासाठी दीर्घ लढा दिला. धरणात पाणी साठू लागल्यावर आणखी एक संकट पुढे आले. वाहती वैनगंगा नागपूरची घाण पूर्वी पुढे नेत होती. आता ती जलाशयात थांबू लागली. पाण्यावर जलपर्णी पसरली. धरणाच्या फुगवट्यातल्या गावांना आणि भंडारा शहराला पिण्याच्या पाण्याची काळजी लागली. ढिवरांची मासळी घटली; रेती पाण्याखाली गेली तशा डांगरवाड्याही गेल्या.

या गावांनी नागपूरचा विकास पाहिला तो असा, पाण्यातून. पेंचच्या वरच्या अंगाला ज्यांनी जमीन दिली आणि वैनगंगेच्या खालच्या अंगाला ज्यांना घाण मिळाली, त्या दोघांच्या मधोमध हे शहर आहे.

विजेनेही याच नद्यांवर भार टाकला. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला. राख कोलारमध्ये आणि तिथून कन्हानमध्ये गेली. शेतांवर थर बसले आणि कन्हानवरून होणारा नागपूरचा पाणीपुरवठाही अडचणीत आला. खालच्या गावांना ठाऊक असलेली गोष्ट त्या दिवसांत शहरालाही जाणवली : नदीत टाकलेले कुठे ना कुठे कोणाच्या तरी घागरीत येते.

२०१९ आणि २०२३

पेंच कायमची आहे, हा विश्वास २०१९ मध्ये डळमळला. १९६४ च्या करारात मध्य प्रदेशचा वाटा होता; अनेक दशके तो पूर्ण वापरला गेला नव्हता आणि ते पाणी खाली येत होते. छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवर चौराईचे धरण झाले आणि मध्य प्रदेशने आपले पाणी अडवायला सुरुवात केली. त्यातच पाऊस कमी झाला. तोतलाडोह मृतसाठ्यावर आला. आधी शेतकऱ्यांच्या पाण्यात कपात झाली, मग जुलै २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. चोवीस तास पाण्याची भाषा करणाऱ्या शहराला पहिल्यांदा कळले की आपण जे पाणी आपले समजत होतो, त्यातला काही भाग दुसऱ्याने न वापरलेला होता.

चार वर्षांनी उलट घडले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपूर्वी काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. दीडशे वर्षांपूर्वी शहराला पाणी पाजणारा अंबाझरी तलाव भरून वाहू लागला. नागेचे पात्र जागोजाग आक्रसलेले होते. सांडव्याच्या खाली आणि काठावर बांधकामे होती. पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीच्या घरांत शिरले. माणसे गेली, हजारो घरांचे नुकसान झाले. सांडव्यासमोरच्या बांधकामाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला.

दुष्काळ आणि पूर ही दोन टोके वेगळी वाटतात, पण दोघांचे कारण एकच आहे. शहराने पाण्यासाठी दूर पाहिले आणि दाराशी असलेल्या नदीची जागा घेतली. दूरचे पाणी आटले तेव्हा जवळ काही उरले नव्हते. जवळचे पाणी वाढले तेव्हा त्याला जायला वाट नव्हती.

हिशेब

हा इतिहास केवळ अपयशाचा नाही. बख्त बुलंद, चांद सुलतान आणि भोसल्यांनी लहान नदीवर राजधानी उभी केली, हे त्यांचे कर्तृत्व. प्लेगच्या काळात गोरेवाडा आणि नंतर कन्हान आले नसते, तर गिरणी कामगारांच्या वस्त्यांनी आणखी किती माणसे गमावली असती याची कल्पना करवत नाही. पेंचने मोठ्या क्षेत्रावर धान पिकवायला मदत केली आणि चोवीस लाखांच्या शहराला पाणी दिले. प्रत्येक पिढीने आपल्या काळाची गरज भागवली. चूक अशी की प्रत्येक पिढीने पाणी कुठून आणायचे एवढेच ठरवले. वापरलेले पाणी कुठे जाईल, हा प्रश्न पुढच्या पिढीवर आणि खालच्या गावांवर सोडला.

शहाणपणाची उदाहरणेही इथेच आहेत. देशातल्या पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, म्हणजे आजची नीरी, १९५८ पासून नागपुरात आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना नागपूर महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महाजनको यांनी राबवली. देशातल्या अशा पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी ती एक. पेंचचे जेवढे पाणी त्यामुळे वाचते, तेवढे पिण्याला आणि शेतीला राहते. शिवाय शुद्धीकरणानंतर वीज केंद्राकडे गेलेला प्रत्येक लिटर नागेच्या काळ्या पाण्यातून वजा होतो. नागेच्या प्रदूषण निर्मूलनासाठी १,९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पालाही केंद्राने मान्यता दिली आहे. त्यासाठी जपानच्या जायका संस्थेचे कर्ज आहे. शहरात रोज निर्माण होणाऱ्या सांडपाण्याचा बराच भाग आजही प्रक्रियेशिवाय नदीत जातो, त्यामुळे या कामाला पर्याय नाही.

पण नदी सुधारणे म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवे. काठावर पदपथ, दिवे आणि कारंजी झाली, तरी आंभोऱ्याच्या संगमावर काळे पाणीच येत राहिले, तर नागेचे काहीही झाले नाही असेच समजावे. या प्रकल्पाचे मोजमाप महालात किंवा धरमपेठेत करता येणार नाही. ते कुहीच्या खाली, गोसेखुर्दच्या जलाशयात करावे लागेल. तिथल्या पाण्याचे नमुने, तिथल्या ढिवरांची मासळी आणि भंडाऱ्याच्या नळाचे पाणी ही खरी पावती. त्यासाठी त्या गावांच्या आणि भंडारा नगरपालिकेच्या प्रतिनिधींना नागपूरच्या नदीच्या निर्णयांत बसायला जागा मिळायला हवी. आज त्यांच्या पाण्याचे निर्णय त्यांच्यावाचून होतात.

तसेच वरच्या अंगाचे. पेंचचे पाणी शहराला मिळते ते करारामुळे, विस्थापितांच्या जमिनीमुळे आणि शेतकऱ्यांनी टंचाईत सोसलेल्या कपातीमुळे. म्हणून नवे धरण मागण्याआधी नागपूरने आपली गळती थांबवावी, अंबाझरी, गोरेवाडा, तेलंगखेडी, सोनेगाव आणि गांधीसागर हे तलाव गाळ काढून जिवंत ठेवावेत, आणि नागेला तिची पूररेषा परत द्यावी. ही कामे खर्चाची आहेत, पण ती शहराच्या हातातली आहेत. त्यांना दुसऱ्या राज्याची परवानगी लागत नाही.

तीनशे वर्षांत नागपूरने वैनगंगेच्या खोऱ्यातून भरपूर घेतले : राजधानीचे वैभव, गिरण्यांचे काम, विजेचा प्रकाश, घरोघरचे नळ. खोऱ्याला परत देण्याची पाळी आता त्याची आहे, आणि देण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छ नाग. या शहराचे नाव ज्या नदीवरून पडले, तिच्यावर तिच्या खालच्या काठच्या माणसांचाही तितकाच हक्क आहे.